फ्रॉइडला खुशाल झोडपा, पण आकडे बघून

आमचा मावसभावंडांचा एक ग्रुप आहे, मोठी मंडळी नसलेला, म्हणून तिथे लोक जरा खरं बोलतात. गेल्या महिन्यात तिथे जे रामायण झालं त्यावरून हे लिहितेय. माझी एक मावसबहीण डोंबिवलीला राहते, नोकरी बीकेसीला, चार-पाच वर्षं डिप्रेशन येऊन-जाऊन आहे. मध्ये सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची, आठ सेशन्स झाली, छान वाटलं, वर्षभरात पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता नवीन थेरपिस्ट मिळालीय, ती म्हणाली मी सायकोडायनॅमिक पद्धतीने (फ्रॉइड नावाच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरच्या मनोविश्लेषणातून निघालेली, बोलण्याची थेरपी) काम करते, आठवड्यातून एकदा, आणि निदान वर्षभर तरी लागेल. बहिणीने भाबडेपणाने विचारलं, कुणाला काही माहितीये का? झालं. इंजिनिअर भाऊ लगेच, "फ्रॉइड? तो तर कधीच खोटा ठरला, सगळं खापर आईवर फोडायचं आणि वर्षभर पैसे उकळायचे, सायंटिफिक फक्त सीबीटी." त्यावर कौन्सेलिंगचा डिप्लोमा केलेल्या वहिनी, "मन काय किलोवर मोजायचं असतं का? ज्याचं त्याला कळतं." रात्री दीडपर्यंत मेसेज, आणि एवढ्या सगळ्यात आकडा एकही नाही. ज्या पोरीने प्रश्न विचारला होता ती तर केव्हाच झोपून गेली होती.

मी पोटापाण्यासाठी औषधांच्या ट्रायल्सचा डेटा तपासते, दिवसभर हेच, या गोळीने किती बरे झाले आणि त्या गोळीने किती. त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकून सारखाच वैताग आला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सायकोडायनॅमिक थेरपी मोजता येते, ती मोजून झालेली आहे, आणि मोजल्यावर ती बाकीच्या चांगल्या थेरप्यांच्या साधारण बरोबरीने उभी राहते, काही आजारांत मागे पडते, काही जुनाट दुखण्यांत तिचं काम दिसतं. तिला थोतांड म्हणणाऱ्यांनी गेल्या चाळीसेक वर्षांचं काही वाचलेलं नाही, आणि "मोजता येत नाही" म्हणणारे तर तिचे हितशत्रू आहेत.

आधी फ्रॉइडचं बघू, कारण सगळी गाडी तिथेच अडते. फ्रॉइडच्या बऱ्याच थिअऱ्या टिकल्या नाहीत, मान्य, एकदम मान्य. पण त्यावरून आजची थेरपी चालत नाही हे कसं सिद्ध होतं? १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा तो पसरतो कसा यावर मुंबईत एकमत नव्हतं, कुणी घाण हवा म्हणत होतं, कुणी धान्याची गोदामं. पिसवांचा मुद्दा सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडला आणि तोही लोकांनी मानायला अजून काही वर्षं गेली. पण हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने त्याआधीच, जानेवारी १८९७ मध्ये, आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना टोचली, काहींना नाही, आणि मोजलं. टोचलेल्यांत प्लेग कमी निघाला. म्हणजे रोग पसरतो कसा हे नीट ठाऊक नसतानाही लस चालते की नाही हे कळू शकलं, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्या परळमध्ये हाफकिनच्या नावाची संस्था उभी आहे त्या शहरातल्या लोकांना हे मी समजावून सांगायचं?

बरं, आज सायकोडायनॅमिक म्हणजे नक्की करतात काय? कोचावर आडवं होऊन स्वप्नं सांगणं हे कार्टूनातलं झालं. साधं सांगायचं तर, तुमच्या नात्यांमध्ये तेच तेच का घडतं, आणि तेच इथे थेरपिस्टसमोरही घडतंय का, हे दोघांनी मिळून बघायचं. माझं स्वतःचं चालू होतं तेव्हा घरी जागा नाही म्हणून मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर सेशन करायचे, काचा वर, एसी बंद कारण पेट्रोल जळतं, आणि वॉचमन दर बुधवारी लांबून असा बघायचा की या बाईचं नवऱ्याशी जोरदार वाजलंय. एकदा थेरपिस्टलाच कुठे तरी जायचं होतं म्हणून तिने दहा मिनिटं आधी संपवलं आणि मी पटकन म्हटलं, "सॉरी हं." ती थांबली. म्हणाली, "लवकर मी निघतेय, सॉरी तुम्ही का म्हणताय?" त्या एका प्रश्नावर आमचे पुढचे तीन बुधवार गेले, आणि ऑफिसात बॉसने स्वतः घोळ घातला तरी मेल मीच का माफी मागत लिहिते ते पहिल्यांदा दिसलं. आता हा पुरावा आहे का? अजिबात नाही. हा एक किस्सा आहे, नवसाला पावणाऱ्या देवाचेही किस्सेच असतात.

पुराव्याची गोष्ट १९५२ पासून सुरू होते. आयसेंक नावाच्या लंडनच्या मानसशास्त्रज्ञाने २४ अभ्यास, सात हजारांवर पेशंट घेतले आणि जाहीर केलं की साध्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात राहून ७२ टक्के सुधारतात, मिश्र पद्धतीच्या थेरपीने ६४, आणि मनोविश्लेषणाने फक्त ४४. म्हणजे जितकं विश्लेषण जास्त तितका माणूस कमी बरा! हा आकडा इतका गाजला की इंजिनिअर भावाच्या डोक्यात, त्याला कळतही नसेल, पण तोच बसलाय. फक्त त्या ४४ मध्ये एक मेख आहे. जे लोक मध्येच सोडून गेले त्यांना आयसेंकने "सुधारले नाहीत" या खात्यात टाकलं होतं, ते वगळले तर आकडा ६६ होतो, आणि हे त्याने स्वतःच लिहिलेलं आहे. आता मी ट्रायलवाली असल्याने सांगते, सोडून गेलेल्यांना वगळणं हेही तितकंच चूक, आम्ही पण त्यांना धरूनच मोजतो. पण मग तुलनेतल्या दोन्ही बाजूंना एकच नियम लावायला नको? आणि मुळात हे पेशंट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, कोण कुठे गेला हे ज्याच्या त्याच्या आजारावर आणि खिशावर. (आयसेंकचे दुसऱ्या विषयावरचे, कॅन्सर आणि स्वभाव यांच्यावरचे २६ पेपर २०१९ मध्ये त्याच्याच जुन्या युनिव्हर्सिटीने भरवशाचे नाहीत म्हणून सांगितले. पण म्हणून १९५२ चा पेपर आपोआप खोटा होत नाही, अशी वळणाची भांडणं मला आवडत नाहीत.)

आयसेंकचे उपकार मात्र मानायलाच हवेत, कारण त्याने डिवचलं म्हणून लोक मोजायला लागले. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र केले आणि निघालं असं की थेरपी घेणारा सरासरी माणूस न घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बरा असतो, आणि कुठल्या पद्धतीची थेरपी यातला फरक अगदी किरकोळ. तेव्हापासून हा निकाल फिरून फिरून येतोय. चाळीतल्या गणपतीच्या स्पर्धांसारखं, सगळ्या पोरांना काही ना काही बक्षीस. सीबीटीवाल्यांना हे पटत नाही आणि त्यांचं एक म्हणणं खरं आहे, "फरक सापडला नाही" आणि "दोन्ही सारखे आहेत" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लहान ट्रायल केली की कुठलाच फरक सापडत नाही, अंधारात सगळी मांजरं काळी. सारखे आहेत म्हणायचं तर आधी ठरवावं लागतं की किती फरकाला आपण फरक मानणार नाही, मग तपासायचं, औषधांत आम्ही रोज हेच करतो. २०१७ मध्ये नेमकं हेच केलं गेलं, २३ ट्रायल्स, २,७५१ पेशंट, मर्यादा आधी ठरवलेली, आणि त्या टीममध्ये दोन्ही पंथांची माणसं मुद्दाम घेतलेली म्हणजे कुणी आपल्याकडे झुकवायला नको. सायकोडायनॅमिक किंचित खाली आली, पण मर्यादेच्या आत, आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर तो किंचित फरकही जवळजवळ गेला. सीबीटी एकच सायंटिफिक म्हणणाऱ्याने या निकालाचं काय करायचं ते सांगावं.

पण थांबा, वहिनींनी टाळ्या वाजवू नयेत. ॲमस्टरडॅमला ३४१ डिप्रेशनच्या पेशंटवर एक ट्रायल झाली, १६ सेशन्स, एका गटाला सीबीटी, दुसऱ्याला सायकोडायनॅमिक, २०१३ मध्ये छापून आली. दोघांत फरक नाही. छान. पण पूर्ण उतार पडलेले किती? २२.७ टक्के. म्हणजे पाचातला साधारण एक. दोन्ही सारखे याचा अर्थ दोन्ही उत्तम असा होत नाही, हार्बरची गाडी आणि मेन लाइनची गाडी दोन्ही वीस मिनिटं लेट असतील तर त्यात कौतुक ते काय? आणि थेरपीच्या ट्रायलमध्ये डमी गोळी देता येत नाही, आपल्याला काय मिळतंय हे पेशंटला माहीत असतं, तुलना बऱ्याचदा नुसत्या वेटिंग लिस्टशी असते, त्यामुळे आकडे फुगतात. न छापलेल्या ट्रायल्सचं तर विचारूच नका. अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या डिप्रेशनच्या थेरपी ट्रायल्स शोधल्या तर जवळजवळ चौथा हिस्सा कधी छापलाच गेला नव्हता, तो मिळवून बेरीज केल्यावर परिणाम, म्हणजे इलाज घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातल्या फरकाचा आकडा, ०.५२ वरून ०.३९ वर आला. आणि ही काही फक्त सायकोडायनॅमिकची लबाडी नाही, सगळ्यांच्याच घरात हा कचरा आहे.

सायकोडायनॅमिकवाल्यांनी फेकलेलंही आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये दीर्घकाळाच्या थेरपीवर २३ अभ्यासांची बेरीज आली, त्यात परिणाम १.८ दाखवला होता. मानसोपचारात १.८? आमच्याकडे असा आकडा आला तर आम्ही आनंद व्हायच्या आधी एक्सेल उघडतो. लोकांनी उघडलं, आणि हिशेबाच्या पद्धतीवर सडकून टीका झाली. आणि सगळ्यात जोरदार फटका बसला तो कोपनहेगनचा. बुलिमिया, म्हणजे अनावर खाऊन मग ओकून काढायचा आजार, त्याच्या ७० पेशंटपैकी अर्ध्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणाची थेरपी, अर्ध्यांना पाच महिन्यांत २० सेशन्स सीबीटी. पाच महिन्यांनी सीबीटीच्या ४२ टक्के लोकांचं खाणं-ओकणं थांबलं होतं, दुसरीकडे ६ टक्के. दोन वर्षांनी? ४४ विरुद्ध १५. दोन वर्षं आणि कितीतरी जास्त तास घालवून एकतृतीयांश फायदा. आणि ही ट्रायल केली होती मनोविश्लेषणाच्याच लोकांनी, स्वतःविरुद्धचा निकाल स्वतः छापला. मला विचाराल तर या एका पेपरने या पंथाची इज्जत वाढवली, कारण "मोजता येत नाही" म्हणणाऱ्यांना असं हरता येत नाही, आणि ज्याला हरता येत नाही त्याच्या जिंकण्याला तरी काय किंमत? म्हणून बुलिमिया असेल, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) असेल, तर आधी त्या आजारासाठी बेतलेली पद्धत घ्या, बालपण नंतर बघू.

मग माझ्या बहिणीसारख्यांचं काय, ज्यांना थोडक्यातला इलाज करून झालाय आणि दुखणं परत आलंय? इथे लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकची ट्रायल बघायची, २०१५ ची. १२९ पेशंट, सगळे वर्षानुवर्षं डिप्रेशनवाले, प्रत्येकाचे किमान दोन इलाज फसलेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्याच्या जोडीला दीड वर्षं, ६० सेशन्स मनोविश्लेषणाची थेरपी. थेरपी संपली त्या दिवशी दोन गटांत फारसा फरक नव्हता. तिथेच मोजमाप थांबवलं असतं तर "फेल" असा शिक्का बसला असता. पण त्यांनी पुढे दोन वर्षं मोजलं, आणि तेव्हा थेरपीवाल्यांतले ४४ टक्के डिप्रेशनच्या व्याख्येत बसत नव्हते, दुसऱ्या गटात १० टक्के. इलाज थांबल्यावर फरक वाढत गेला. हेलसिंकीच्या मोठ्या अभ्यासातही असाच तिढा दिसतो, पहिल्या वर्षी छोट्या थेरप्या पुढे, तीन वर्षांनी लांब थेरपी पुढे. इंजिनिअर भाऊ म्हणेल, टॅविस्टॉकमध्ये पूर्ण बरे किती झाले ते सांग की. सांगते, १४.९ टक्के विरुद्ध ४.४. थोडेच. आणि तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, दीड वर्षाच्या सीबीटीशी नव्हती, त्यामुळे फायदा पद्धतीचा की नुसता दीड वर्ष कुणीतरी नीट ऐकण्याचा हे यातून सुटत नाही. मला वाटतं थोडं दोन्ही असावं. पण दोन इलाज फसलेल्या माणसाला ४४ आणि १० मधला फरक कळतो, त्याला पंथाशी काय करायचंय.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो फ्रॉइडचा नाही, पैशाचा आहे. आपल्या देशात मानसिक आजाराच्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत, २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे आलंय. तिकडे गोव्यात सरकारी आरोग्यकेंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, फक्त ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटींत डिप्रेशनच्या पेशंटना रोजची कामं हळूहळू परत सुरू करायला मदत केली, आणि तीन महिन्यांत ६४ टक्क्यांना उतार, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९. एवढ्या स्वस्तात हे होत असताना वर्षभर पन्नास-पन्नास मिनिटं बोलायची चैन कुणाला परवडणार? ही गोष्ट मी मानते, सरकारने पहिला रुपया कुठे घालावा असं विचाराल तर गोव्यासारख्या कामात, डोळे मिटून. पण ते ६४ सोडून उरलेल्या ३६ जणांचं काय करायचं? टीबीत पहिल्या औषधांना न जुमानणारा पेशंट निघाला की आपण म्हणतो का की स्वस्त गोळ्या बहुतेकांना चालतात, तू बघ तुझं? शिवडीचं टीबी हॉस्पिटल कशासाठी आहे मग? लांबचा इलाज पहिल्या पायरीवर नकोच, पण जिना दुसऱ्या पायरीवर तोडून टाकायचा हे कुठलं शहाणपण.

"हे सगळं पाश्चात्त्य" हा मुद्दा मी दोन ओळींत संपवते. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात मनोविश्लेषणाची भारतीय संस्था १९२२ मध्ये काढली, आणि फ्रॉइडशी पत्रातून वादही घातले. आणि आपल्या महाराष्ट्रात ज्याचा एवढा बोलबाला आहे ते विवेकनिष्ठ मानसोपचार न्यूयॉर्कच्या एलिसचे, सीबीटी फिलाडेल्फियाच्या बेकचं, आणि गंमत म्हणजे एलिस आणि बेक दोघेही आधी मनोविश्लेषणच शिकलेले. मग परकं नक्की कोण?

राहता राहिल्या वहिनी. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे कारण त्या माझ्या बाजूच्या आहेत. मी चौदा महिने हीच थेरपी घेतली, तासाला पंधराशे, आणि त्या चौदा महिन्यांत मला एकदाही कुणी कागदावर विचारलं नाही की बाई, झोप कशी आहे, जगावंसं वाटतं का, मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त. मी एकदा विचारलं, आपण मोजूया का? तर उत्तर आलं, "आकडे मागणं ही तुमची एक बचावाची सवय आहे का, बघूया." आता याला काय बोलणार! असेलही माझी सवय, मी डेटावाली आहे, पण म्हणून प्रश्न चुकीचा होतो? घरी पोचून फोन लावायला उशीर झाला की त्याचाही अर्थ. एकदा कुर्ल्याला सिग्नल गेला होता, लोकल पाऊण तास उभी, तर त्यावर वीस मिनिटं की मला आज बोलायचंच नव्हतं का. प्रत्येक नकारात होकार शोधणारी पद्धत चुकूच शकत नाही, आणि तिथेच ती बुवाबाजीच्या शेजारी जाऊन बसते. एवढं असूनही मला फायदा झाला असं वाटतं, पण "वाटतं" एवढंच म्हणू शकते, कारण कागद नाही.

आणि थेरपिस्टला आपसूक कळतं म्हणाल तर त्यावरही अभ्यास आहे. २००५ मध्ये थेरपिस्टना विचारलं, तुमच्या ५५० पेशंटपैकी कोण कोण बिघडेल असं वाटतं? त्यांनी तीन नावं सांगितली. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांतलं एकच नाव बरोबर निघालं. एकोणचाळीस माणसं समोर बसून खाली जात होती आणि समोरच्याला दिसत नव्हतं. सगळ्याच पद्धतींत मिळून थेरपीने पाच ते दहा टक्के लोक आणखी बिघडतात, याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. हाफकिनच्याच लसीची एक बाटली १९०२ मध्ये पंजाबात मलकोवालला दूषित निघाली, १९ माणसं धनुर्वाताने गेली, चौकश्या झाल्या, त्याचं करिअर काही वर्षं धुळीला मिळालं. नंतर तो निर्दोष सुटला, पण मला म्हणायचंय ते वेगळंच, लसीत निदान मेलेली माणसं मोजली तरी गेली. थेरपीत बिघडलेला माणूस फक्त यायचा बंद होतो, आणि वहीत लिहिलं जातं, पेशंट तयार नव्हता.

बहिणीला मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. फोन केला, ती लोकलमधून उतरून स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत होती. म्हटलं, हे कर, चालेल तुझ्यासाठी, पण पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचार. आपण काय बदलायचं ठरवतोय, ते कसं मोजणार, आणि किती महिन्यांनी बसून हिशेब करणार. आणि थेरपिस्ट चिडली तर? "चिडली तर ताई मी दुसरी शोधते," ती म्हणाली, माझ्याआधीच.

परवा तिचा फोटो आला. डिप्रेशन मोजायचा नऊ प्रश्नांचा मराठी फॉर्म, पेनाने गोल केलेले, खाली बेरीज १६, आणि बाजूला थेरपिस्टच्या अक्षरात पुढची तारीख, सहा आठवड्यांनंतरची.